मॉरिशसच्या ब्रिटिश गव्हर्नरांचा कारभार कसा अभ्यासावा: गोव्यातील अभ्यासकांसाठी मार्गदर्शन

मॉरिशस बेट १८१० च्या डिसेंबरात ब्रिटिशांच्या हाती आले आणि १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. या काळात मुंबई इलाख्यातून, विशेषतः रत्नागिरी, सावंतवाडी, ठाणे, सातारा या भागांतून, मराठी बोलणारी हजारो माणसे गिरमिटावर, म्हणजे मुदतबंद मजुरीच्या करारावर, तिथे गेली आणि त्यांच्या वंशजांचा मराठी समाज आजही तिथे नांदतो आहे. गोव्यातील मराठी शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा स्थानिक इतिहासाची आवड असलेले वाचक या बेटाच्या राज्यकारभाराकडे वळतात तेव्हा बहुतेकांच्या हाती प्रथम गव्हर्नरांची एक यादी लागते, आणि दुर्दैवाने बहुतेकांचे लेखन त्या यादीपाशीच संपते. अमुक साली अमुक साहेब आले, त्यांनी रस्ते बांधले, तमुक साली गेले, असा मजकूर कितीही वाढवला तरी कारभार कसा चालत होता हे त्यातून कळत नाही. एखाद्या हुकुमावर गव्हर्नरची सही असते, परंतु त्या हुकुमाची कल्पना कोणाची, पैसा कोणाचा आणि मंजुरी कोणाची, हे तीन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारल्याखेरीज अभ्यास सुरू झाला असे मानू नये. पुढील सर्व सूचना या तीन प्रश्नांच्या आधारानेच दिल्या आहेत.

कालखंड आणि प्रदेश आधी आखून घ्या

डच लोकांनी या बेटावर १६३८ मध्ये वसाहत केली आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. फ्रेंचांनी १७१५ मध्ये त्याचा ताबा घेऊन त्याला ईल द फ्रान्स हे नाव दिले. १८१० मध्ये ब्रिटिशांनी ते जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने रॉड्रिग्ज व सेशेल्स या बेटांसह ते त्यांच्याकडे कायम राहिले, तर शेजारचे बूर्बों, म्हणजे आजचे रेयुनियाँ, फ्रान्सला परत मिळाले. सेशेल्स १९०३ मध्ये वेगळी वसाहत झाली आणि चागोस द्वीपसमूह १९६५ मध्ये मॉरिशसपासून तोडण्यात आला. म्हणून १९०३ पूर्वीचे लोकसंख्येचे, खर्चाचे किंवा नेमणुकांचे आकडे वाचताना त्यांत अवलंबित बेटे धरली आहेत की नाहीत, हे कोष्टकाच्या शीर्षकावरून आणि तळटिपांवरून तपासावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले की दोन कोष्टकांची तुलनाच चुकते.

कायद्याच्या बाबतीत मात्र गोव्यातील वाचकाला एक नैसर्गिक सोय आहे. १८१० च्या शरणागतीच्या करारात रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रूढी कायम राखण्याचे वचन ब्रिटिशांनी दिले होते. त्यामुळे गव्हर्नर इंग्रज, वरिष्ठ पत्रव्यवहार इंग्रजीत, आणि जमीनजुमला, वारसा, विवाह यांचा कायदा मात्र नेपोलियनच्या संहितेवर आधारलेला फ्रेंच, अशी स्थिती निर्माण झाली. १९६१ नंतरही पोर्तुगीज दिवाणी संहितेनुसार संसार आणि मिळकतीचे व्यवहार चालताना पाहिलेल्या गोवेकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही; देशाच्या इतर भागांतील अभ्यासक येथे हमखास अडखळतात. मॉरिशसमधील प्रोक्युरर जनरल (सरकारचा मुख्य कायदा अधिकारी) हे पद, नोटरीचे महत्त्व, मळ्यांच्या गहाणखतांची भाषा हे सगळे याच कारणाने फ्रेंच वळणाचे आहे. न्यायालयांच्या वरच्या पायरीवर इंग्रजी भाषा १८४० च्या दशकात आली, त्यामुळे त्यापूर्वीच्या खटल्यांचे कागद पाहायचे असतील तर फ्रेंच वाचता येणारा सोबती आधीच शोधून ठेवावा. पोर्तुगीज येणाऱ्या जुन्या पिढीतील जाणकारांना छापील फ्रेंचचा अर्थ बराचसा लागतो, याचाही लाभ घ्यावा.

गव्हर्नरांचे कोष्टक करताना

छापील याद्यांमध्ये बहुधा नाव, आरंभाचे वर्ष आणि शेवटाचे वर्ष एवढेच असते. आपल्या वहीत प्रत्येक गव्हर्नरसाठी नेमणुकीची तारीख, बेटावर उतरून शपथ घेतल्याची तारीख, रजेचा काळ, त्या काळातील हंगामी गव्हर्नर, आणि कारकीर्द संपण्याचे कारण अशा वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. याची गरज पहिल्याच नावापासून पटते. सर रॉबर्ट टाउनसेंड फार्कर यांची कारकीर्द १८१० ते १८२३ अशी सर्रास दिली जाते, पण ते १८११ मध्ये काही काळ आणि पुढे १८१७ ते १८२० या काळात बेटावर नव्हते. त्या दुसऱ्या अवधीत हॉल, डॅलरिंपल आणि राल्फ डार्लिंग असे तीन लष्करी अधिकारी एकामागून एक कारभार पाहत होते. बेकायदेशीर गुलाम-व्यापाराकडे सरकारने किती काणाडोळा केला, हा त्या काळाचा सर्वांत तापलेला प्रश्न आहे, आणि त्यावरचे एखादे पत्र फार्करच्या नावावर टाकण्यापूर्वी त्या महिन्यात खुर्चीवर कोण होते हे पाहणे अपरिहार्य ठरते.

१९३७ च्या ऑगस्टमधील ऊस-उत्पादकांच्या आणि मजुरांच्या उद्रेकाचेही असेच आहे. सर विल्फ्रिड जॅक्सन गेले होते आणि सर बीड क्लिफर्ड अजून पोहोचायचे होते; गोळीबार झाला त्या दिवसांत कारभार हंगामी हातांत होता. अनेक टिपणांमध्ये तो क्लिफर्ड यांच्या माथी मारलेला दिसतो, कारण यादीत १९३७ या वर्षापुढे त्यांचे नाव असते. सर लायोनेल स्मिथ १८४२ मध्ये आणि सर विल्यम स्टीव्हन्सन १८६३ मध्ये पदावर असतानाच मरण पावले, त्यामुळे त्या दोन वर्षांमध्येही खंड आहे.

गव्हर्नर आधी कुठे होता आणि पुढे कुठे गेला, ही नोंद मुद्दाम ठेवावी. सुरुवातीच्या काळात बहुतेक जण नेपोलियनच्या युद्धांतून आलेले सेनानी होते. सर चार्ल्स कॉल्व्हिल मॉरिशसला येण्यापूर्वी मुंबईच्या सैन्याचे सरसेनापती होते. १८४९ मध्ये आलेले सर जॉर्ज अँडरसन हे तर मुंबईच्या मुलकी सेवेतले, १८४१–४२ मध्ये मुंबईचे हंगामी गव्हर्नर राहिलेले. मॉरिशसहून ते सिलोनला गेले. सर आर्थर फेअर ब्रह्मदेशाचे मुख्य आयुक्त होते. या माणसांनी आधीच्या मुलखातल्या सवयी, हिशेबाच्या पद्धती आणि पूर्वग्रह बरोबर आणले. हिंदी, म्हणजे भारतीय, मजुरांविषयी त्यांनी लिहिलेल्या मजकुराचा सूर समजून घ्यायचा तर ते आधी कोणत्या कचेरीत बसत होते हे ठाऊक असणे उपयोगी पडते.

पदाचे अधिकार आणि त्यांना असलेली वेसण

गव्हर्नरचे अधिकार तीन कागदांत असत: वसाहतीची रचना ठरवणारे लेटर्स पेटंट, त्या व्यक्तीच्या नावाने निघालेले नेमणूकपत्र, आणि राजाच्या किंवा राणीच्या सूचना. शेवटचा कागद सर्वांत महत्त्वाचा, कारण कोणत्या विषयावरचा कायदा लंडनला विचारल्याशिवाय संमत करू नये हे त्यात लिहिलेले असे. मॉरिशसमध्ये ज्याला ऑर्डिनन्स म्हणत तो तिथला पूर्ण आणि कायमचा कायदा होता, परंतु गव्हर्नरने संमती दिल्यानंतरही राजसत्तेला तो रद्द करता येत असे. म्हणून एखादा ऑर्डिनन्स कौन्सिलमध्ये मंजूर झाल्याचे वाचून थांबू नये. पुढील वर्षभराच्या पत्रव्यवहारात तो टिकला की नामंजूर झाला हे शोधावे.

१८२५ मध्ये स्थापन झालेले गव्हर्नमेंट कौन्सिल आरंभी केवळ वरिष्ठ अधिकाऱ्यांचे होते. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीस त्यात नेमलेले बिनसरकारी सभासद आले, आणि ते अर्थातच मळेवाले व व्यापारी होते. १८८५ च्या घटनेने दहा निवडून आलेले सभासद दिले आणि १८८६ च्या जानेवारीत पहिली निवडणूक झाली, पण मालमत्ता व उत्पन्नाच्या अटींमुळे मतदार जेमतेम चार हजार होते. त्या वेळी बेटावरचे बहुसंख्य लोक हिंदी वंशाचे होते हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ उलगडतो. हिंदी वंशाचे पहिले दोन उमेदवार, धनपत लाला आणि राजकुमार गजाधर, १९२६ मध्ये निवडून आले. सर डोनाल्ड मॅकेन्झी-केनेडी यांच्या काळात १९४७ ची घटना आली, साधे लिहिता-वाचता येणे एवढी अट पुरेशी ठरली, आणि १९४८ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली. प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक १९५९ ची. कोणत्याही गव्हर्नरविषयी लिहिताना त्याच्या समोर बसलेले कौन्सिल यांपैकी कोणत्या टप्प्यातले होते हे पहिल्या परिच्छेदातच सांगावे, म्हणजे त्याचा एकाधिकार किंवा त्याची हतबलता वाचकाला आपोआप कळेल.

कौन्सिलइतकीच मोठी वेसण पैशाची होती. साखरेचा भाव पडला की जकात आणि महसूल पडे, आणि मग रुग्णालय, शाळा, धरणे यांच्यावरच्या योजना कागदावर राहत. दुसरी वेसण गोऱ्या मळेवाल्यांच्या एकजुटीची. १८३२ मध्ये गुलामगिरीविरोधी मतांचे जॉन जेरेमी प्रोक्युरर जनरल म्हणून आले तेव्हा आद्रियँ देपिने यांच्या नेतृत्वाखाली मळेवाल्यांनी बेट बंद पाडले, आणि गव्हर्नर कॉल्व्हिल यांनी जेरेमी यांना परत पाठवून दिले. पुढील वर्षी लंडनने त्यांना सैन्यासह पुन्हा धाडले. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने संपली, आणि मालकांना मिळालेली भरपाई वीस लाख पौंडांच्या वर होती. गुलामांना काहीही मिळाले नाही. हा सगळा व्यवहार नुसता कॉल्व्हिल यांच्यानंतरचे गव्हर्नर निकोले यांच्या सहीखाली मांडला तर त्यातील खरे खेळाडू पडद्याआडच राहतात.

हाताखालच्या कचेऱ्यांमध्ये सर्वांत आधी कलोनियल सेक्रेटरीचे दप्तर ओळखून घ्यावे. गव्हर्नर साधारण पाच-सहा वर्षांनी बदलत, पण हा अधिकारी आणि त्याचे कारकून कारभाराची स्मृती सांभाळत, आणि गव्हर्नर नसताना बहुधा तोच खुर्चीवर बसे. दोघांचे बिनसले तर काय होते याचा नमुना म्हणजे सर जॉन पोप हेनेसी आणि क्लिफर्ड लॉइड यांचे भांडण. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीहून सर हर्क्युलिस रॉबिन्सन चौकशीला आले, १८८६ च्या अखेरीस त्यांनी हेनेसी यांना निलंबित केले, आणि लंडनने पुढे त्यांना पुन्हा पदावर पाठवले. या प्रकरणाचे कागद विपुल आहेत आणि वाचायलाही रंजक आहेत. पण केवळ त्या रंजकतेपायी ते विषय म्हणून निवडू नये, कारण प्रत्येक कागद कोणाची तरी बाजू मांडण्यासाठीच लिहिलेला आहे. रिसीव्हर जनरल, ऑडिटर, सर्व्हेयर जनरल या खात्यांची नुसती ओळख पुरे. स्थलांतरितांचा संरक्षक आणि नऊ जिल्ह्यांतील पगारी दंडाधिकारी यांच्याकडे मात्र बारकाईने पाहावे, कारण मजुराची सरकारशी गाठ पडे ती त्यांच्याच दारात. गव्हर्नरचे दर्शन त्याला सहसा होत नसे.

कागद कुठे पाहावेत

गोव्यात बसून बरीच तयारी करता येते. पणजीच्या पुराभिलेख खात्यात लिस्बन आणि गोवा यांच्यातील पत्रव्यवहाराचे मोंसोंईश ग्रंथ आहेत, आणि १८३७ पासूनचे सरकारी बोलेतीं, म्हणजे राजपत्र, पाहता येते. विषय वेगळा असला तरी दूरच्या राजधानीला गव्हर्नर काय लिहितो, काय लपवतो आणि उत्तर येईपर्यंत कारभार कसा रेटतो, हे या ग्रंथांवरून डोळ्यांत बसते. मॉरिशसकडे वळण्यापूर्वी काही दिवस हा सराव करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात संदर्भग्रंथ चाळून कालक्रम पक्का करून घ्यावा.

मुख्य दप्तर लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तेथे वसाहत खात्याच्या कागदांपैकी सीओ १६७ ही मालिका म्हणजे मॉरिशसहून आलेला मूळ पत्रव्यवहार, सीओ १६८ म्हणजे बाहेर गेलेल्या पत्रांच्या नकलवह्या, १६९ म्हणजे कायदे, १७० म्हणजे कौन्सिलचे कामकाज, १७१ म्हणजे सरकारी गॅझेट आणि १७२ मध्ये ब्लू बुके (वसाहतीच्या आकडेवारीची वार्षिक सरकारी पुस्तके) व इतर संकीर्ण कागद. सूची संगणकावर विनामूल्य शोधता येते. म्हणून क्यूला जाणाऱ्या कोणा परिचिताला गाठण्यापूर्वी किंवा प्रती मागवण्यापूर्वी खंडाचे क्रमांक आणि वर्षे घरी बसूनच निश्चित करावीत. ब्रिटिश संसदेला सादर झालेले अहवाल छापील असल्याने ते तुलनेने सहज मिळतात. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हिंदी स्थलांतरितांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत, तर कारभाराचे इतर दप्तर तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

यांच्याइतकाच महत्त्वाचा आणि आपल्याला सर्वांत जवळचा साठा मुंबईत आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या खात्यांचे दप्तर असून मजुरांच्या निर्गमनाविषयीचा पत्रव्यवहार त्यात शोधावा. मडगावहून रात्रीची कोकणकन्या धरली की सकाळी माणूस मुंबईत असतो. तरीही मॉरिशसवर लिहिणारे मराठी लेखक लंडनच्या कागदांचीच स्वप्ने पाहत बसतात, हे मला नेहमी अजब वाटते. मॉरिशसचा गव्हर्नर मुंबई सरकारला काय कळवत होता आणि लंडनला काय कळवत होता, या दोन पत्रांतील फरक हाच अनेकदा खरा इतिहास असतो.

खलिता वाचण्याची रीत

गव्हर्नरचा प्रत्येक खलिता, म्हणजे लंडनला धाडलेले अधिकृत पत्र, क्रमांकित असतो आणि वर्षारंभी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. म्हणून टिपणात क्रमांक, तारीख आणि वर्ष तिन्ही घ्यावेत. गोपनीय खलित्यांची मालिका वेगळी असते. साध्या मालिकेत एखाद्या वादाविषयी शांतता दिसली तर तिकडे पाहावे. त्यानंतर लंडनला पोहोचल्याचा शिक्का शोधावा. शिडाच्या जहाजांच्या काळात एका बाजूच्या प्रवासाला तीन महिने किंवा अधिक लागत, त्यामुळे प्रश्न आणि उत्तर यांत अर्धे वर्ष सहज जाई, आणि तोवर गव्हर्नर आपल्या अकलेने निर्णय घेऊन मोकळा झालेला असे. वाफेच्या बोटींनी आणि १८६९ नंतर सुएझ कालव्याने हे अंतर कमी केले. १८९३ मध्ये झांझिबार आणि सेशेल्समार्गे समुद्री तार बेटाला जोडली गेली, आणि त्यानंतरच्या गव्हर्नरांचे खलिते अधिक सावध होतात, कारण आता मंत्र्याचा नकार दुसऱ्या दिवशी येऊ शकत होता.

खलित्याचा मजकूर वाचून झाला की खरे काम सुरू होते. कागदाच्या वेष्टनावर लंडनच्या कारकुनाने लिहिलेला सारांश, त्याखाली वरच्या अधिकाऱ्याचा शेरा, त्याखाली उपसचिवाचा, आणि शेवटी मंत्र्याची आद्याक्षरे असा क्रम असतो. त्यामागे उत्तराचा मसुदा जोडलेला असतो, खाडाखोडीसकट. मसुद्यात आधी कडक वाक्य होते आणि ते कोणी सौम्य केले, हे त्या खाडाखोडीवरून कळते. गव्हर्नरने सोबत पाठवलेली जोडपत्रे अजिबात सोडू नयेत. दंडाधिकाऱ्याचा अहवाल, मळेवाल्यांचा अर्ज, पोलिसांची आकडेवारी, क्वचित मजुरांची तक्रार ही सगळी त्यांतच दडलेली असतात, आणि गव्हर्नरने आपल्या पत्रात त्यांचा सारांश कसा वळवला आहे हे ताडून पाहता येते.

ब्लू बुके वाचताना चलनाकडे लक्ष ठेवावे. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॉरिशसने रुपयाचा स्वीकार केला, त्यामुळे त्याआधीचे पौंडांतले आणि नंतरचे रुपयांतले आकडे एकाच रकान्यात मांडले की महसूल एका रात्रीत दसपट झाल्याचा भास होतो.

एक प्रकरण घेऊन पाहू

रीत समजण्यासाठी आर्थर हॅमिल्टन गॉर्डन यांची १८७१ ते १८७४ ही कारकीर्द घ्यावी, कारण तिच्यात वरील सगळे धागे गुंतलेले आहेत. पण सुरुवात त्यांच्या आधीपासून, सर हेन्री बार्कली यांच्या काळापासून करावी लागते. १८६७ चा कामगार कायदा बार्कली यांच्या राजवटीत झाला. पाच वर्षांचे गिरमिट पुरे केलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला पास सतत जवळ बाळगावा लागे. तो नसला किंवा ठरलेल्या जिल्ह्याबाहेर सापडला की भटकेगिरीच्या आरोपाखाली अटक होई. त्याच सुमारास १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाच्या साथीने बेटावर हजारो माणसे मेली. बार्कली यांच्या खलित्यांत साथ, कर्ज आणि भटकेगिरी हे तिन्ही विषय शेजारीशेजारी आढळतील. ते एकत्र वाचावेत.

१८७१ च्या जूनमध्ये आडोल्फ द प्लेव्हित्झ या मळ्यावर राहणाऱ्या युरोपीय गृहस्थाच्या मदतीने नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांनी गॉर्डन यांच्याकडे अर्ज केला. पोलिसांची धरपकड, पासासाठी होणारा छळ, पगारातील कापाकापी असा त्याचा आशय होता. मळेवाले संतापले, प्लेव्हित्झ यांच्यावर पोर्ट लुईत हल्ला झाला, आणि त्यांना हद्दपार करावे अशी मागणी गव्हर्नरकडे आली. गॉर्डन यांनी ती फेटाळली आणि पोलिसांच्या कारभाराची चौकशी लावली. पुढे लंडनने विल्यम फ्रिअर आणि व्हिक्टर विल्यमसन यांचा शाही आयोग नेमला; ते दोघे १८७२ मध्ये बेटावर आले आणि त्यांचा प्रदीर्घ अहवाल १८७५ मध्ये निघाला. तोवर गॉर्डन गेले होते. अहवालाला अनुसरून सुधारलेला कामगार कायदा १८७८ मध्ये, फेअर यांच्या कारकिर्दीत झाला.

म्हणजे एकाच अन्यायाची कायद्याने घडण, चौकशी आणि अर्धवट दुरुस्ती यांसाठी तीन गव्हर्नर लागले. हे प्रकरण मांडताना प्रथम १८६७ च्या ऑर्डिनन्सचा पाठ आणि त्यावर कौन्सिलमध्ये झालेली चर्चा पाहावी. मग अर्ज वाचावा. त्यानंतर गॉर्डन यांचे खलिते आणि त्यांवरील लंडनचे शेरे ओळीने लावावेत, आणि शेवटी आयोगाच्या अहवालातील साक्षी घ्याव्यात. आयोगापुढे मळेवाले, दंडाधिकारी आणि पोलीस काय बोलले हे छापील आहे, आणि गिरमिटियांच्या तक्रारींचा तपशीलही त्यात येतो. गैरहजेरीच्या एका दिवसासाठी दोन दिवसांचा पगार कापण्याची प्रथा कशी चाले, आणि महिन्याला पाच रुपयांच्या करारातून हातात काय उरे, हे तिथे तपशिलाने कळते.

गॉर्डन यांना मजुरांचा कैवारी ठरवून लेख संपवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण हेच गॉर्डन पुढे फिजीचे गव्हर्नर झाले आणि १८७९ मध्ये फिजीला पहिले हिंदी गिरमिटिये त्यांच्याच धोरणाने गेले. गिरमिटाची पद्धत त्यांना मोडायची नव्हती. ती त्यांना नीटनेटकी आणि देखरेखीखाली हवी होती. असा निष्कर्ष दोन वसाहतींची दप्तरे शेजारी ठेवल्यावरच काढता येतो, म्हणून गव्हर्नरचे पुढचे ठिकाण कोष्टकात टिपून ठेवण्याची सूचना वर केली आहे.

उलट्या दिशेचेही एक उदाहरण सांगतो. सप्टेंबर १८४७ मध्ये निघालेली मॉरिशसची पहिली पोस्टाची तिकिटे जगभर प्रसिद्ध आहेत, आणि गव्हर्नर गॉम यांच्या पत्नीने दिलेल्या नृत्यसमारंभाच्या आमंत्रणांवर ती वापरली गेली ही कथा प्रत्येक जण लिहितो. लिहायला हरकत नाही. पण गॉम यांच्या राजवटीतच, १८४३ पासून, मजुरांची आयात सरकारी देखरेखीखाली प्रचंड प्रमाणावर पुन्हा सुरू झाली होती, आणि त्यांच्याविषयीच्या दहा मराठी मजकुरांत तिकिटे असतात तेव्हा हा विषय एखाद्यातच असतो.

लेखन करताना

स्थलनामे फ्रेंच उच्चाराप्रमाणे लिहावीत आणि पहिल्या उल्लेखानंतर बदलू नयेत. गव्हर्नरांच्या किताबांच्या बाबतीत, ज्या वर्षाचा प्रसंग असेल त्या वर्षी तो मिळालेला होता का हे पाहिल्याशिवाय सर लावू नये. पोर्ट लुईतील सरकारी वाडा ही कचेरी आणि मोकाजवळचे ल रेद्वी हे निवासस्थान, यांत गल्लत होऊ देऊ नये. पणजीचा आदिलशहाचा वाडा आणि काबोचा राजवाडा यांतला फरक ठाऊक असलेल्याला हे जड जाणार नाही. १९६८ मध्ये शेवटचे गव्हर्नर सर जॉन शॉ रेनी हेच स्वतंत्र मॉरिशसचे पहिले गव्हर्नर जनरल झाले. नाव एकच असले तरी १२ मार्चनंतर ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणारे घटनात्मक प्रमुख होते, म्हणून त्या तारखेपाशी कोष्टक तोडावे.

ज्यांच्या मनात आपल्या परिसरातून गेलेल्या कुटुंबांचा शोध आहे त्यांनी गव्हर्नरांचे कोष्टक आणि मजुरांच्या नोंदी यांची सांगड घालावी. मोका येथील नोंदवह्यांत प्रत्येकाचा क्रमांक, जहाज, आगमनाची तारीख, बापाचे नाव, वय, जात, गाव आणि जिल्हा असे रकाने असतात, आणि १८६० च्या दशकापासून अनेकांची छायाचित्रेही आहेत. गावाचे नाव इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाने ऐकून लिहिलेले असल्याने ते मोठ्याने वाचून पाहावे. बांदे, सावंतवाडी, वेंगुर्ले ही नावे ओळखीच्या माणसाला कानावरून सापडतात, डोळ्यांवरून सापडत नाहीत. आगमनाची तारीख मिळाली की त्या वर्षी कोणता कामगार कायदा लागू होता, कराराची मुदत किती होती, परतीच्या प्रवासाचा खर्च कोणावर होता आणि त्या जिल्ह्यात दंडाधिकारी कोण होता, हे कायद्यांच्या मालिकेतून आणि त्या वर्षाच्या ब्लू बुकातून काढावे, आणि मगच त्या दिवशी ल रेद्वीत कोण राहत होते ते शेवटच्या रकान्यात भरावे.